कूलर लावण्याआधी अर्थिंग पाहा



फाल्गुन सरत आला. गहू-चणा घरात आला, पऱ्हाट्या उपटून बांधावर पडल्या. आता जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यात घरोघरी एक काम निघेल, ते म्हणजे माळ्यावरचा नाहीतर गोठ्यातला कूलर बाहेर काढायचं. आपल्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं लेकरू असलं तर कूलरला चैन म्हणता येत नाही.

पण कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी, तिच्या पोटात पाणी, आणि पाण्याला लागून वीज. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. बहुतेक घरी गवत बदलतात, रंग मारतात आणि सरळ बटन दाबतात. आधी पाहायचं ते अर्थिंग.

पंपाची सील गेली, वायरचा जोड उघडा पडला की करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. त्याला जमिनीत जायला सोपी वाट ठेवलेली असते, तिचं नाव अर्थिंग. ती वाट तुटलेली असली तर पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जमिनीत जातो. ओले हात, अनवाणी पाय आणि खाली सांडलेलं पाणी, मग सुटका कठीण.

आता आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव बघा. पावसाळ्यात ती फुगते, वैशाखात तिला हातभर भेगा पडतात. ओली माती वीज चांगली नेते, कोरडी नेत नाही. त्यात भेग पडली की माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. म्हणजे कूलर रात्रंदिवस चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत घराचं अर्थिंग सर्वांत अशक्त असतं! खड्ड्यात अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मीठ घातलेलं असलं तरी उन्हाळ्यात त्यात वरचेवर बादलीभर पाणी ओतलंच पाहिजे. कलमांना पाणी घालता तसंच समजा. पाइपाला बांधलेली तार गंजून तुटली नाही ना, हेही एकदा डोळ्यांनी पाहा. घरापर्यंत अर्थिंग पोचतं की नाही, याची तपासणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. काही ठिकाणी अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. हा प्रकार फार वाईट. न्यूट्रल कुठे तुटला तर कूलरची अख्खी पेटी जिवंत होते.

दुसरी गोष्ट, मेन बोर्डात आरसीसीबी बसवून घ्या. पुष्कळांना वाटतं, एमसीबी आहे म्हणजे झालं. एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडते. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या लेखी काहीच नसतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढीशी गळती ओळखून डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. तिच्यावर तपासणीचं बटन असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावं. नवा मोठा कूलर घ्यायचा बेत असेल तर आधी हा खर्च करा, कूलर पुढच्या वर्षी घेता येईल.

टिनाच्या घरात आणखी जपावं लागतं. कूलर खिडकीच्या लोखंडी गजांना टेकलेला, गज टिनाला लागलेले आणि टिनाला कपडे वाळवायची तार बांधलेली. करंट उतरला तर आंगणात कपडे काढणाऱ्या बाईला शॉक बसतो. कूलर लाकडी घडवंचीवर, गजांपासून सुटा ठेवा. वायर अखंड घ्या, चिकटपट्टीचे जोड नकोत. पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, तीन पिनांचा प्लग उपसून बाजूला ठेवायचा. टाकी कोरडी ठेवून पंप चालवू नका, तो जळतो. आणि कोणी चिकटलाच तर त्याला हात न लावता आधी मेन बंद करा. मेन दूर असेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीने त्याला सोडवा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करा, दुसऱ्याला १०८ ला फोन करू द्या.

आता थंडाव्याचं. ताट्यांचं गवत दर वर्षी नवं घाला. बोअरच्या पाण्याचा क्षार चढला की गवत दगडासारखं होतं आणि वारा अडतो. वरच्या पन्हाळीची छिद्रं तारेने मोकळी करा, गवताचा कोरडा राहिलेला भाग गरम वाराच आत सोडतो. वाळ्याच्या ताट्या महाग, पण टिकतात, आणि वास काय सांगावा. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते, म्हणून ओली झालेली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला तर घर दमट होतं, अंग चिकचिकतं.

छप्पर तापू दिलं नाही तर कूलरलाही कमी राबावं लागतं. सेवाग्रामची बापू कुटी आपल्याच जिल्ह्यात आहे. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, भोवती सावली. भर दुपारी आत जाऊन बघा. स्लॅब असेल तर वर चुन्याचे दोन हात द्या. टिनाला पांढरा रंग बरा, चुना पावसात धुऊन जातो. आंगणात पऱ्हाट्या-तुराट्यांचा मांडव घाला, चुलीपासून मात्र दूर.

शेवटी डासांचं. डेंग्यूचा डास कूलरच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून बाजू ब्रशने घासा. अंडी पत्र्याला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने जगतात, नुसतं पाणी ओतून देऊन ती जात नाहीत. मृग लागून हवा दमट झाली की कूलर गार वारा देईनासा होतो. तेव्हा जुनं गवत जाळून टाका, टाकी घासून उन्हात वाळवा, पंप काढून वेगळा ठेवा आणि मगच कूलर माळ्यावर चढवा.