धूर, अग्नी आणि संगणकाची बुद्धी



विद्यार्थ्याने गणिताचे उत्तर अचूक लिहिले, पण ते कसे आले हे त्याला सांगता येईना, तर गुरुजी पूर्ण गुण देत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे आज हाच प्रश्न उभा आहे.

यंत्राला बुद्धी देण्याचे दोन मार्ग. पहिला तर्काचा. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘मायसिन’ ही प्रणाली तज्ज्ञांकडून घेतलेल्या काही शे नियमांच्या आधारे जंतुसंसर्गाचे निदान करी आणि ‘हे कशावरून?’ असे विचारताच कारणही सांगे. दुसरा मार्ग अनुभवाचा, म्हणजे मशीन लर्निंगचा. असंख्य उदाहरणांतील साम्य संगणकाने स्वतःच हेरायचे. आजची बहुतेक झेप या मार्गाची आहे. मात्र कारण विचारले की तो बहुधा मुका होतो.

हे मौन महाग पडू शकते. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला दाखल करावे आणि कोणाला घरी पाठवावे, हे संगणकाला शिकवण्याचा प्रयोग झाला. न्यूरल नेटवर्कचे भाकीत सर्वांत अचूक ठरले. पण त्याच माहितीवरून नियमांच्या रूपात शिकणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने एक विलक्षण नियम दाखवला : दमा असलेल्या रुग्णाला मृत्यूचा धोका कमी! माहिती खोटी नव्हती. दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात हलवले जाई, म्हणून ते वाचत. यंत्राच्या भरवशावर त्यांना घरी पाठवले असते, तर? नियम वाचता आला म्हणून दोष सापडला. नेटवर्कच्या पोटात असे आणखी काय दडले असेल, या शंकेने संशोधकांनी अचूकतेचा मोह सोडला आणि ते रुग्णांसाठी वापरले नाही.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला हा दोष परिचित आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे; जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नव्हे. तापलेल्या लोहगोलात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी ‘उपाधी’ म्हटले. दम्याच्या नियमातील उपाधी होती अतिदक्षता विभागातील उपचार.

आशा आहे ती दोन्ही मार्गांच्या संगमात. जानेवारी २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडने जाहीर केलेल्या ‘अल्फाजॉमेट्री’ने ऑलिंपियाडच्या दर्जाच्या ३० भूमिती प्रश्नांपैकी २५ सोडवले. तीत शिकलेले नेटवर्क नवी रचना सुचवते, तर तर्काचे यंत्र पायरीपायरीने सिद्धता मांडते.

परंतु भूमितीतील गृहीतके ठरलेली असतात. रुग्णशय्येजवळ ती शोधावी लागतात. तो शोध माणसाचाच. मुलांच्या हाती संगणक जरूर द्यावा, सोबत ‘कशावरून?’ हा प्रश्नही द्यावा.