हापसा : एका शोधाची गोष्ट



शोध हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. एडिसनचा दिवा, मार्कोनीचा बिनतारी संदेश, राइट बंधूंचे विमान. एक बुद्धिमान माणूस, त्याची प्रयोगशाळा, रात्रंदिवसाची धडपड, आणि मग एके दिवशी लाभलेले यश! ही चित्रे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्यामुळे एक तोटा होतो खरा. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाटू लागते की, हे काम आपले नव्हे. ते दूर कोठेतरी राहणाऱ्या मोठ्या माणसांचे.

म्हणून आज मी तुम्हांला एका साध्या यंत्राची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते स्वतःच्या हातांनी चालवलेले असेल. हे यंत्र म्हणजे गावातला हापसा. सरकारी कागदांत त्याला हातपंप म्हणतात. सिमेंटच्या ओट्यात रोवलेले तीन पाय, वर एक लोखंडी डोके, आणि मागे लांब, जड दांडा. त्याचे खरे नाव आहे 'इंडिया मार्क टू'. जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या हातपंपांत त्याची गणना होते. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतल्या गावकऱ्यांनी त्याचे पाणी प्यायले आहे. आणि त्याची मुळे आपल्या जालन्यात आणि सोलापुरात आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गोष्ट सुरू होते १९६६-६७ च्या दुष्काळापासून. बिहारात त्या वेळी पाण्याचा मोठा हाहाकार उडाला. पाणी जमिनीखाली होते, पण खडकाच्या पोटात. काळ्या पाषाणात विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावा, दगड उपसा, महिनेच्या महिने घालवा. त्या सुमारास युनिसेफच्या मदतीने दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रण यंत्रे देशात येऊ लागली. एक-दोन दिवसांत खडकाला खोल, अरुंद भोक पाडता येऊ लागले. हीच विंधन विहीर. आपण तिला बोअर म्हणतो. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हाही या बोअरनी मोठा आधार दिला.

बोअर झाली, पण पाणी वर आणायचे कशाने? बोअरचे तोंड वीतभर. त्यात पोहरा सोडता येत नाही. वीज सगळीकडे नव्हती. तेव्हा बोअरवर हातपंप बसवले. हे पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते आणि युरोप-अमेरिकेतल्या पंपांच्या नमुन्यावरून घडवलेले होते. दिसायला भक्कम. पण १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा असे आढळले की, बसवलेल्या दर चार पंपांपैकी जवळजवळ तीन बंद पडले आहेत! कोट्यवधी रुपये खर्चून पाडलेल्या बोअर, त्यांत पाणी आहे, आणि वर मोडका पंप. बाया पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन जुन्या बारवेकडे, ओढ्यातल्या झऱ्याकडे जाऊ लागल्या.

आता कोणी म्हणेल, खेड्यातल्या लोकांना यंत्र वापरता येत नाही, ते मोडतोड करतात. त्या काळी असे म्हणणारे पुष्कळ होते. हे उत्तर सोपे असते, आणि सोपे उत्तर मिळाले की विचार थांबतो. इंजिनिअरने मात्र येथे हिशेब करायचा असतो. चला, आपणही करू. वही-पेन्सिल जवळ घ्या.

मूळ परदेशी पंप कोणासाठी होता? एका शेतकरी कुटुंबासाठी. घरातली माणसे दिवसातून काही बादल्या पाणी काढणार. आपल्याकडे मात्र अडीचशे माणसांमागे एक हातपंप, आणि दर माणशी रोज ४० लिटर पाणी, असे सरकारी प्रमाण ठरले. म्हणजे रोज १०,००० लिटर. दांडा एकदा दाबला की साधारण ०.४ लिटर पाणी येते. मग १०,००० लिटरांसाठी दांडा किती वेळा दाबावा लागेल? २५,००० वेळा! मिनिटाला चाळीस वेळा दाबला, तरी दहा तासांहून अधिक वेळ पंपाला विसावा नाही. वर्षाचा हिशेब केला तर हा आकडा ९१ लाखांच्या पुढे जातो. घरगुती वापरासाठी केलेल्या पंपाकडून आपण हे काम मागत होतो. मग तो मोडला यात गावकऱ्यांचा दोष कोणता?

पाहा, येथे अजून नवे काहीही तयार झालेले नाही. एक खिळासुद्धा बदललेला नाही. तरी शोधाचे अर्धे काम झाले, कारण प्रश्न नीट मांडला गेला. 'पंप का मोडतो?' या प्रश्नाच्या जागी 'दिवसाला पंचवीस हजार वेळा हलणारा पंप कसा असावा?' हा प्रश्न आला.

या प्रश्नाला भिडणारे पहिले लोक मराठवाड्यात आणि सोलापुराकडे होते. तेथे ख्रिस्ती मिशनच्या मंडळींनी विहिरी आणि बोअर पाडण्याचे काम हाती घेतले होते. बसवलेले पंप पुन्हा पुन्हा दुरुस्त करून ते आणि त्यांचे मिस्त्री थकून गेले होते. वारंवार मोडणारी वस्तू ज्याला स्वतः दुरुस्त करावी लागते, त्याला ती कोठे मोडते हे नेमके ठाऊक असते. जुन्या पंपाच्या डोक्यात दांडा, पिना आणि सांधे यांची गुंतागुंत होती. प्रत्येक सांधा झिजणार, प्रत्येक पीन सैल होणार. या लोकांनी सांधे कमी करीत आणले. दांडा एकाच आसावर झुलवला. अशा सुधारणांतून 'जालना पंप' आणि पुढे 'सोलापूर पंप' तयार झाला. सोलापूर पंप हा त्या वेळी देशातला सर्वांत टिकाऊ पंप मानला जाई. तो घडवण्यात पदवीधर इंजिनिअरांइतकाच, किंबहुना अधिक, हात कामातून शिकलेल्या मिस्त्रींचा होता.

त्यातली एक युक्ती मला फार आवडते, ती सांगतो. दांड्याचे टोक वरखाली होते तेव्हा ते सरळ रेषेत जात नाही. आसाभोवती वर्तुळाच्या कमानीत फिरते. बोअरमधली सळई मात्र सरळ उभी वरखाली व्हायला हवी. टोक आणि सळई एकमेकांना पिनेने जोडली, तर दर हेलकाव्याला सळई जराशी बाजूला ओढली जाणार, घासणार, आणि एक दिवस तुटणार. यावर उपाय काय?

आपल्या जुन्या विहिरीवरचा रहाट आठवा. चाक गोल फिरते, पण त्याच्या कडेवरून सुटलेला दोर नेहमी एकाच जागी, सरळ खाली लोंबतो. तेच तत्त्व येथे वापरले आहे. दांड्याच्या पुढच्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखी लोखंडी कमान जोडली, तिच्यावर सायकलीच्या साखळीच्या जातीची जाड साखळी बसवली, आणि साखळीला सळई टांगली. दांडा फिरला की साखळी कमानीवर चढते-उतरते, पण सळई उभ्या रेषेतून हलत नाही. आसाला बेअरिंग दिले. झाले, झिजण्याचे मुख्य कारण गेले! तुमच्या गावच्या हापशाच्या डोक्याचे झाकण दुरुस्तीसाठी उघडलेले दिसले, तर ही साखळी मुद्दाम पाहा.

दांडा इतका जड का, असेही पुष्कळजण विचारतात. त्यालाही कारण आहे. बोअर ३० मीटर खोल असेल तर नुसत्या सळयांचे वजन पंचवीस किलोंच्या वर भरते. दांडा भरीव लोखंडाचा केल्यामुळे हे वजन तराजूसारखे तोलले जाते. मग हाताला फक्त पाण्याचा भार उचलावा लागतो. तो भार त्या खोलीवर सुमारे ९५ किलो असतो, पण दांड्याच्या लांबीमुळे सुमारे आठपट फायदा मिळून हाताला बारा किलोंच्या आसपास जोर पुरतो. शाळेत तरफेचा धडा आपण पाठ करतो. येथे तो धडा दहा-बारा वर्षांची मुलगी रोज घागर भरताना गिरवीत असते.

सोलापूर पंप चांगला होता, पण तो सगळ्या देशाला पुरवायचा कसा? १९७५ च्या पुढे भारत सरकार, युनिसेफ, मद्रासची यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी मालकीचा कारखाना, असे सगळे एकत्र आले. सोलापूर पंप पायाशी धरून त्यांनी नवा नमुना आखला. त्यांच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. पंप आपल्या देशातच, साध्या कारखान्यांत तयार झाला पाहिजे. म्हणून ओतीव बिडाऐवजी जोडकामाचे पोलाद घेतले. सांडलेले घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये उतरू नये. म्हणून पंपाची बैठक बोअरच्या नळाभोवती सिमेंटमध्ये घट्ट रोवली. आणि बाई, मूल, म्हातारा, कोणालाही तो चालवता आला पाहिजे.

नमुना झाल्यावर त्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. कोइमतूर भागात पाणी खोल आहे आणि पंपांवर गर्दीही फार. मुद्दाम अशा कठीण जागी पंप बसवून ते तपासले. मगच १९७७-७८ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. १९७९ साली भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक ठरवले. मानक म्हणजे काय? तर एका कारखान्यातली साखळी दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बिनतक्रार बसली पाहिजे. या नमुन्यावर कोणी मालकी हक्क सांगितला नाही. ज्याला तो नीट करता येईल त्याने करावा. म्हणूनच तो देशात लाखांनी बसला आणि देशाबाहेर गेला.

मग त्यात दोष नव्हते का? होते तर! दट्ट्याची चामड्याची वायसर झिजली की ती बदलण्यासाठी तीस-तीस मीटरांचा सगळा नळ वर उपसावा लागे. त्याला गाडी, अवजारे आणि चार-पाच धडधाकट माणसे लागत. तालुक्याहून पथक येईपर्यंत गाव तहानलेले. शिवाय साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. सळई स्वतःच्या वजनाने खाली यावी लागते. त्यामुळे अगदी उथळ बोअरवर हा पंप नीट चालत नाही. तेव्हा पुन्हा काम सुरू झाले. १९८० नंतरच्या दशकात कोइमतूरकडेच 'मार्क थ्री' तपासला गेला. त्याचा नळ इतका रुंद ठेवला की नुसत्या सळया वर ओढल्या की दट्ट्या बाहेर येतो, नळ जागीच राहतो. दोघे-तिघे गावकरी हे काम करू शकतात. पण रुंद नळ महाग आणि जड, म्हणून तो सगळीकडे गेला नाही. यंत्रात एक गैरसोय दूर केली की दुसरी पुढे येते. इंजिनिअरिंग हे असेच चालते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९० नंतर उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात 'महिला समाख्या' या कार्यक्रमातून गावच्या बायकांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. त्यांतल्या पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण पाना हातात घेऊन त्यांनी पंप उघडले, बिघाड शोधला आणि पाणी चालू केले. पाणी नसल्याचा त्रास जिला सर्वांत जास्त, तिच्याच हाती दुरुस्ती आली. या शिक्षणालाही मी पंपाच्या शोधाचाच एक भाग समजतो.

या सगळ्यातून साधले काय? तुमच्या आजी-आजोबांना 'नारू' शब्द विचारा. बारवेच्या आणि तळ्याच्या पाण्यातून माणसाच्या अंगात शिरणारा आणि पायातून हातभर लांब बाहेर येणारा तो कृमी. त्याने माणसे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळत. १९९६ नंतर भारतात नारूचा नवा रोगी आढळला नाही, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. पाणी गाळून पिण्याचा प्रचार, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, अशा अनेक उपायांचा त्यात वाटा होता. बोअरवरच्या हापशाचा वाटाही मोठा होता.

आज पुष्कळ गावांत घरोघर नळ आले आहेत. काही ठिकाणी हापसे कोरडे पडले आहेत. आजूबाजूच्या खोल बोअरवर विजेचे पंप रात्रंदिवस चालतात, पाण्याची पातळी खाली जाते, आणि हापशाची सळई पाण्यापर्यंत पोचतच नाही. हा दोष पंपाचा नाही. पण प्रश्न आपला आहे, आणि तो अजून सुटलेला नाही. तो तुमच्या पिढीकडे आला आहे.

तेव्हा मित्रहो, शोध लावायचा असेल तर प्रयोगशाळेची वाट पाहत बसू नका. तुमच्या घरात, शेतात, शाळेत वारंवार मोडणारी एखादी वस्तू निवडा. ती कोण वापरतो ते पाहा. दिवसातून किती वेळा वापरतो ते मोजा. ती नेमकी कोठे मोडते ते वहीत लिहा, आणि जो ती दुरुस्त करतो त्या मिस्त्रीशेजारी तासभर बसा. त्याला माहीत असलेले पुष्कळसे अजून कोणत्याही पुस्तकात आलेले नाही. एवढे केल्यावर तुमच्या मनात जो प्रश्न उभा राहील, तो घेऊन शिक्षकांकडे जा.

जालना आणि सोलापूरच्या त्या मिस्त्रींनी याहून वेगळे काही केले नव्हते.