ती सांगत नाही ते दुखणं

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, इथं घर, शेती आणि म्हातारी माणसं बाईच्या अंगावर. तिच्या अशा एका आजाराबद्दल आज बोलायचं आहे, जो ती कुणाला सांगत नाही.

मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात, तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याच कुळातला दुसरा आजार क्रोन्स. वारंवार, रात्री झोपेतूनही शौचाला धावावं लागतं, रक्त आणि आव पडते, वजन घटतं. हे आजार बहुधा तरुणपणी सुरू होतात आणि जन्मभर सोबत राहतात. पण औषधांनी ताब्यात ठेवता येतात.

मग निदान अडतं कुठे? शौचातून रक्त जातं हे सासूला सांगायची लाज, नवऱ्याला फोनवर सांगायची त्याहून अधिक. चेहरा पांढरा पडला की दोष पाळीला जातो आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. नाहीतर मूळव्याध समजून घरगुती औषध. क्रोन्स तर आतड्याच्या क्षयासारखाच दिसतो.

तपासणीसाठी अनेकींना कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. गाडीभाडं, सोबतीला माणूस, बुडालेला रोज. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. या आजारावरच्या मेसालामाईनच्या रोजच्या गोळ्या अनेकींना पदरमोड करूनच घ्याव्या लागतात. रक्त थांबलं की घरात पहिली काटकसर तिच्या गोळ्यांवर होते, आणि आजार उलटतो. गरोदरपणी भीतीपोटी औषध सोडणं तर आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं. मेसालामाईन बहुतेकींना तेव्हाही चालतं. मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध मात्र गर्भाला घातक. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या रुग्णांसाठी तिथे ठरावीक वार असावा आणि रोजची औषधं मोफत मिळावीत, ही मागणी आपण करायला हवी. अंगात रक्त कमी असलेल्या प्रत्येक बाईला आशाताईंनी एवढंच विचारावं: शौचातून रक्त जातं का?

आणि मुंबईकर बंधूंनो, गावी फोन कराल तेव्हा तुम्हीही विचारा. रक्त पडत असेल, किंवा चार आठवड्यांहून अधिक जुलाब असतील, तर तपासणीची तारीख ठरवा. त्या दिवशी घर आणि गुरं कोण बघणार, तेही तुम्हीच ठरवा. त्यावाचून ती दवाखान्यात जाणार नाही.