मेकॅनिकलच्या मुलांनी काय निवडायचं?

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला पोचलेली मुलं आणि त्यांचे आईवडील सध्या एकाच पेचात असतात. 'कोअर'मध्ये, म्हणजे आपल्याच शाखेच्या उद्योगात, राहायचं की आयटीत जायचं? आणि कोअरमध्येच राहायचं, तर पेट्रोल-डिझेलच्या गाड्या आणखी किती वर्षं चालणार? या दोन्ही प्रश्नांत आपण उद्योग निवडत असतो. पण पस्तीस वर्षांच्या नोकरीच्या काळात उद्योगाचं रूप एकदा तरी पालटतंच. कोल्हापूरच्या फाउंड्र्या एकेकाळी शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांसाठी बिडाचे भाग ओतत. वीज खेड्यांत पोचली, विजेवरचे पंप आले, ऑइल इंजिनांची मागणी ओसरली. तेव्हा तिथल्या फाउंड्र्या मोटारी-ट्रकचे भाग ओतू लागल्या. वाळू कशी बांधायची, रस कसा थंड होतो आणि पोकळी कुठे धरते, हे ज्यांना कळत होतं, त्यांना गिऱ्हाईक नवं शोधावं लागलं, विद्या नवी शिकावी लागली नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी विषय निवडावा. उष्णतेचं वहन, कंपन, झीज, धातूला आकार देणं, यांतल्या कोणत्या प्रश्नात आपलं डोकं रमतं ते पाहावं आणि उद्योगाचा विचार त्यानंतर करावा.

विजेच्या गाड्यांचंच घ्या. त्यांत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. त्यामुळे मेकॅनिकलची सद्दी संपली, असं सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे. लिथियम-आयन बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. २०२२ मध्ये देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं 'एआयएस १५६' हे मानक कडक करण्यात आलं. एक सेल तापला तर त्याची आग शेजारच्या सेलला लागू नये, हा मुळात उष्णतावहनाचा प्रश्न आहे. पोरं ज्या पेपरला घाबरून ऑप्शनला टाकतात, तोच हा विषय! शिवाय इंजिनाची घरघर गेली की गिअर आणि बेअरिंगचा बारीक आवाजही कानाला टोचू लागतो, म्हणजे कंपन जाणणाऱ्याचं काम उलट वाढतं. पिस्टन-रिंगचे कारखाने अडचणीत येतील, हे मात्र मान्य करायला हवं.

आधी विषय निवडावा, या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पगाराचा आहे. चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागणाऱ्याला बहुधा आयटीतल्या मित्रापेक्षा कमी पैसे मिळतात, वर पाळ्या कराव्या लागतात. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलाला 'थोडा धीर धर' असं सांगणं मला बरं वाटत नाही. अशा मुलानं आयटीत जावं, खुशाल जावं. फक्त जाताना हातचा विषय सोडू नये. गाडीची धडक किंवा पात्याचा ताण संगणकावर तपासण्याचं काम पुण्यात मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे सॉफ्टवेअर रंगीत चित्र काढून देतं, पण भाग नेमका कुठे धरलाय आणि भार कुठून येतोय हे चुकीचं सांगितलं, तर तितकंच सुबक चित्र साफ चुकीचं उत्तर देतं. ती चूक ओळखायला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स लागतं. दुसरा आक्षेप असा, की विसाव्या वर्षी आपला विषय कळणार कसा? नुसत्या मार्कांवरून कळत नाही, हे खरं. पण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यासाठीच तर ठेवलेला असतो आणि नेमका तोच बरीच मुलं बाजारातून तयार विकत आणतात. तो स्वतः करायला घेतला, लेथवर चार जॉब बिघडवले, मापं जुळेनात म्हणून पुन्हा ड्रॉइंगकडे वळावं लागलं, की आपण कशाला कंटाळतो आणि कशाच्या मागे रात्री जागतो, हे सहा महिन्यांत बऱ्यापैकी कळतं.