दिनाराची नोट

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



‘आर्थिक सुरक्षितता’ या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले. पोस्टातील बचत आणि विमा यांविषयी मी चार शब्द सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र एका युद्धाविषयी बोलणार आहे. कारण या सभागृहात बसलेल्या कितीतरी घरांतील कोणी ना कोणी आखातात आहे, किंवा होता.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. माझे मामू तेव्हा तेथे एका गॅरेजात कामाला होते. रणगाडे सर्वांना दिसले, पण भांडण त्याआधीच पेटलेले होते आणि ते होते पैशाचे. इराणशी चाललेले युद्ध १९८८ मध्ये थांबले तेव्हा इराक कर्जात बुडालेला होता. त्या कर्जाचा मोठा भाग कुवेत आणि सौदी अरेबियाचा. फेड करायची तेलाच्या पैशातून, आणि तेलाचा भाव तर उतरलेला. कुवेत ठरलेल्या वाट्यापेक्षा अधिक तेल काढून भाव पाडतो, ही आमच्याविरुद्ध लढाईच आहे, असे इराकचे म्हणणे होते. जादा तेल काढले जात होते हे खरे. पण म्हणून शेजाऱ्याचा देश गिळावा, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

आता नोटेकडे येऊ. एक कुवेती दिनार त्या काळी साठ रुपयांच्या आसपास होता. हल्ल्यानंतर इराकने त्याची किंमत आपल्या दिनाराइतकीच ठरविली. इराकी दिनार खुल्या बाजारात त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी हलका होता. पुढे कुवेती दिनार चलनातूनच काढून टाकला. ज्याने वर्षभराची कमाई गादीखाली ठेवली होती, त्याच्या घरात कोणी चोर शिरला नाही, तरी तो नागवला गेला. मामू इराकमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीवर आले, तेथे तंबूत दिवस काढले आणि अम्मानहून विमानाने मुंबईला पोहोचले. एअर इंडियाने त्या वेळी ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे केली. एकूण सुमारे पावणेदोन लाख भारतीय परत आले. मामूंच्या खिशात दिनार होते. मुंबईत बँकेच्या खिडकीवर ते कोणी घेईना.

पण कुवेत सरकारचा पैसा मात्र वाचला. कसा, ते विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. त्या देशाने १९७६ पासून दरवर्षी सरकारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी बाजूला काढून परदेशांत गुंतवला होता. हल्ला झाला त्याच दिवशी अमेरिकेने इराकची खाती गोठविली आणि कुवेतचीही गोठविली. कुवेतची का? तर हल्लेखोराने त्यांवर हात मारू नये म्हणून. पुढे सौदीतील ताइफ येथून निर्वासित सरकार त्याच गुंतवणुकीवर चालले. देश हातातून गेला, खजिना राहिला. हेच कुलूप उलट बाजूनेही लागते. युक्रेनवरील हल्ल्यानंतर २०२२ मध्ये रशियाची सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी अशीच अडकवून ठेवली. परदेशी तिजोरीतला पैसा तिजोरीवाल्याची मर्जी असेपर्यंतच आपला, ही गोष्ट तेव्हा पुष्कळ देशांच्या ध्यानी आली.

इराकवर ६ ऑगस्ट १९९० रोजी संयुक्त राष्ट्रांनी व्यापारबंदी घातली, ती २००३ पर्यंत राहिली. राज्यकर्त्यांचे महाल उभेच होते; शिक्षकाचा महिन्याचा पगार मात्र चार दिवसांच्या भाजीलाही पुरेना. तेल विकून अन्न व औषधे घेण्याची योजना १९९६ च्या अखेरीस सुरू झाली. ती चालविणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये या बंदीच्या निषेधार्थ राजीनामा दिला. किती बालके दगावली याचे त्या वेळचे आकडे पुढे वादग्रस्त ठरले, म्हणून मी ते येथे सांगत नाही. त्या हालांविषयी मात्र वाद नाही.

आणि आपला देश? आपण या भांडणात कोठेच नव्हतो. पण तेल महाग झाले, आखातातून येणारे पैसे आटले, इराक-कुवेतकडे जाणारा माल थांबला. आपली परकीय चलनाची घडी आधीच विस्कटलेली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सारा दोष त्या युद्धाचा नव्हे. १९९१ मध्ये गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवले. घरातली बाई पाटल्या गहाण ठेवते, तसेच.

पुढे १९९१ मध्येच जिनीव्हाला नुकसानभरपाईचा आयोग नेमला गेला. कुवेत किंवा इराक सोडावे लागल्याबद्दल एकट्या माणसाला अडीच ते चार हजार डॉलर, कुटुंबाला पाच ते आठ हजार. बुडालेला पगार आणि सामान यांसाठी वेगळा अर्ज होता, आणि त्याला पुरावे लागत. आयोगाने सुमारे १५ लाख दावेदारांना मिळून ५२ अब्ज डॉलरवर रक्कम दिली. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये फिटला. हा पैसा इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून कापून घेतला जात असे. म्हणजे आपल्या गावात जी भरपाई आली, ती बसऱ्याच्या गरिबाच्या ताटातूनही आली. मला याचा विसर पडत नाही.

मामूंच्या शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ त्यांच्याबरोबरच परतले. त्यांना देश सोडल्याची रक्कम तेवढी मिळाली. पगार थकला होता, पण चिठ्ठीचपाटी काही नव्हती; घरी पैसे पाठवत तेही हुंडीने, तोंडी हिशेबावर. मामूंचे कागद पळापळीत तेथेच राहिले होते. तेही रिकाम्या हाताने बसले असते. पण दर पत्राबरोबर ते पगाराची एक चिठ्ठी घरी धाडत, आणि मुमानी, ज्या चौथीपर्यंतच शिकल्या होत्या, त्या सगळ्या चिठ्ठ्या, ड्राफ्टच्या पावत्या आणि गॅरेजच्या मालकाचे नेमणुकीचे पत्र बिस्किटांच्या डब्यात महिन्यांच्या क्रमाने लावून ठेवत. अर्ज भरायला मी बसलो होतो. मी विचारायचो, मार्च १९८९? आणि त्या न बघता डब्यातून कागद काढून द्यायच्या.