गाठ लपवू नका, सुईला भिऊ नका



मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. तरीही स्त्रियांच्या स्तनातील गाठ हा विषय मी आज मुद्दाम घेतला आहे. ज्या गोष्टीबद्दल घरात कुजबुजही होत नाही, त्या गोष्टीबद्दल निदान शाळेने तरी बोलले पाहिजे.

आज भारतातील स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. पण प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्याच असतात. मात्र साधी कोणती व घातक कोणती, हे शेजारणीला सांगता येत नाही. 'दुखत नाही, मग काय काळजी?' हे म्हणणे तर फारच धोक्याचे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

निदानाच्या पायऱ्या तीन. डॉक्टरांनी हाताने तपासणे, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीने आतले चित्र पाहणे आणि संशय असल्यास सुईने नमुना घेणे. या तिसऱ्या पायरीला बायोप्सी म्हणतात.

ती कशी होते? त्वचेत बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ दिसत असते आणि तिच्यात शिरणारी सुईही दिसते. त्यामुळे नेम चुकण्याची भीती कमी. शेवईच्या तुकड्यासारखे बारीक नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवतात. संपूर्ण भूल द्यावी लागत नाही आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. काही वेळा गाठ हाताला लागतच नाही, फक्त मॅमोग्राफीत कॅल्शियमचे बारीक कण दिसतात. तेव्हा दोन कोनांतून क्ष-किरण चित्रे घेऊन त्या जागेची खोली मोजतात. विद्यार्थ्यांनो, भूमिती कुठे उपयोगी पडते, असे विचारता ना? ती इथे उपयोगी पडते!

या सुईचे मोल कळण्यासाठी थोडे मागे पाहा. 1974 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या गाठीची तपासणी आणि स्तन काढण्याची शस्त्रक्रिया एकाच भुलीत झाली. तेव्हा तशीच रीत होती. शुद्धीवर आल्यावरच स्त्रीला आपले काय झाले ते कळे. 1979 साली तेथील तज्ज्ञांच्या परिषदेने आधी निदान व नंतर उपचार, असे दोन टप्पे करण्याची शिफारस केली. आज सुईमुळे निदान आधी हाती येते. स्त्रीला विचार करायला, विचारायला वेळ मिळतो. कोणते औषध लागू पडेल, हेही त्याच नमुन्यावरून पुष्कळसे ठरते.

'सुई लागली की रोग पसरतो' ही समजूत मनातून काढून टाका. तिला आधार नाही. नुकसान होते ते उशिराने. मात्र अहवाल आणि चित्र यांचा मेळ बसत नसेल, तर पुन्हा तपासणी करण्यास डॉक्टर सांगतात. तेव्हा कंटाळा करू नका.

भगिनींनो, संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागा, सोबत बहिणीला न्या, पण जा. बंधूंनो, घरातील स्त्री खर्चाच्या धास्तीने गप्प बसते. तिने पैसे मागण्याची वाट न पाहता, 'चल, दाखवून येऊ' हे शब्द तुम्हीच आधी उच्चारा. आणि मुलींनो, आज ऐकलेले घरी जाऊन अम्मीला, खालाला, दादीला सांगा. एवढा गृहपाठ कराल, तर माझ्या बोलण्याचे सार्थक झाले.