टेम्पोखालचा तेलाचा डाग

आज जरा टेम्पोच्या खाली वाकून बघू या. कर्जत-खालापूरकडच्या आपल्या कितीतरी गटांची भाजी, तांदूळ, पापड टेम्पोतूनच चौकमार्गे पनवेलला जातात. आमच्या गटाने कर्ज काढून एक जुना टेम्पो घेतला. पावसाळा सरता सरता त्याच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. मागचं ऑइल सील बदललं, गळती चालूच. दुसऱ्यांदा बदललं, तरी तेच. मग मेस्त्री म्हणाले, "ताई, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पुढचं सील टाकू, हात लागलाच आहे तर क्लचप्लेट पण." इकडे हप्त्याची तारीख तोंडावर. बैठकीत आम्ही ठरवलं, तेल कुठून येतंय ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आधी तेल ओळखायचं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या हौसिंगमध्ये इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील समोरासमोर असतात. खालच्या भोकातून पडणारा थेंब दोन्हीपैकी कुणाचाही असू शकतो. वापरलेलं इंजिन ऑइल काळं होतं. गिअरचं तेल दाट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. बोटावर घेऊन वास घेतला की कळतं. आमचं गिअरचंच होतं.

मग लेव्हल. गाडी सपाट जागी, थंड असताना बाजूचा बोल्ट उघडायचा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. जास्त भरलं असेल तरी ते बाहेर पडतं, आणि कमी असेल तर बेअरिंग आणि दाते खातं. म्हणून गळती सापडेपर्यंत तेल पुरवावंच लागतं.

त्यानंतर गिअरबॉक्स ब्रशने डिझेल लावून धुतला, पुसून कोरडा केला आणि वर टाल्कम पावडर भुरभुरली. (चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका, आणि नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही.) धावत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. तळाचा थेंब फसवतो.

रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी कोरडा. पनवेलला जाऊन आल्यावर मात्र पावडर दोन ठिकाणी ओली, मागच्या सीलला आणि गिअरच्या दांड्याच्या बुडाशी. दांडा तर वरच्या बाजूला, तिथे तेल उभं राहत नाही. म्हणजे ते आतून ढकललं जात होतं.

कुकरच्या शिट्टीत भाताचं शीत अडकलं की वाफ झाकणाच्या कडेने वाट काढते ना, तसंच हे. गाडी चालली की गिअरबॉक्समधली हवा तापून फुगते. तिला बाहेर जायला वरच्या बाजूला एक छोटी नळी किंवा टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आमचा टेम्पो भातलावणीत खाचरांच्या बांधापर्यंत जात होता. त्या टोपीवर चिखल वाळून दगड झाला होता! खोपोलीच्या एका फिटरदादांना दाखवलं. घाटाच्या पायथ्याचं गाव, ट्रकचे गिअरबॉक्स हाताळलेली माणसं. त्यांनी आधी भोवतालची माती पुसून काढली, मग टोपी सैल केली, तर आतून फुस्स झालं. टोपी डिझेलने धुऊन, तारेने मोकळी करून परत बसवली.

गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. दांड्याचं बूड आता कोरडं आहे. मागच्या सीलच्या कडेला अजून थोडी ओल दिसते, पण थेंब पडत नाही. दर पंधरा दिवसांनी लेव्हल बघून टेम्पोच्या वहीत लिहितो. लेव्हल उतरायला लागली, तर ते सील बदलायचं, आणि त्याआधी ज्या शाफ्टवर ते बसतं त्याला खाच पडली आहे का, हे बोट फिरवून बघायचं. खाच पडलेल्या शाफ्टवर नवं सीलही टिकत नाही.